आईचा एक्स-रे

माझ्या आईचा एक्स-रे मी दोन वर्षं मिरवला. मेडिकल कॉलेजातल्या माझ्या खोलीत जो येईल त्याला तो उजेडाच्या पेटीवर लावून दाखवायचे. नागपुरातल्या सुखवस्तू धरमपेठेतल्या साठीच्या बायकांचे मणके फिल्मवर विरलेल्या लुगड्यासारखे दिसत. उमरेडकडच्या आमच्या वस्तीतल्या बायका मी एस.टी.नं नागपूरला आणल्या, त्यांचे मात्र पांढरेशुभ्र. सगळ्यांत पांढरे रुखमाबाईचे, म्हणजे आईचे. राबणाऱ्या बाईचं हाड म्हातारपणीही झिजत नाही, असा माझा शोधनिबंध १९८४च्या जूनमध्ये छापायला जायचा होता. मला गर्व झाला होता, खोटं कशाला बोलू?

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला गावी गेले. विहारात तरुण बायकांनी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. आई हात जोडून उभीच राहिली. शेजारच्या अंजनाबाई आणि सिंधूताईही उभ्याच.

घरी आल्यावर मी तिच्यावर चिडले. "तू काहून उभी होती?"

"मान वाकतच नाही वं. पाठही नाही. वय झालं आता."

"हनुवटी छातीला लाव बरं."

तिनं जोर लावला. चार बोटांचं अंतर राहिलं आणि हनुवटी तिथेच अडली. मी त्या दोघींना बोलावलं. त्यांचंही तेच. सिंधूताईचं मनगट तर गेल्या पोळ्याला नुसती बादली उचलताना मोडलं होतं, आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं.

मजबूत हाड बादलीनं मोडत नाही. पातेल्यात पाणी उकळून उकळून बुडाला क्षार धरतो, तसं त्या हाडांवर काहीतरी चढलं होतं. फिल्मवर ते पांढरं दिसतं, आणि आतून हाड ठिसूळ होतं. असं पाण्यातून होतं, हे मी दरवर्षी मुलांना शिकवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुपारी दोन बाटल्या भरल्या. एक वस्तीतल्या हापशीची. दुसरी चंपतराव पाटलांच्या विहिरीची, मळ्यात कुणी नाही असं पाहून, चोरासारखी.

त्या हापशीचा अर्ज बहात्तरच्या दुष्काळात मीच लिहिला होता. पूर्वी आई पाटलांच्या विहिरीपाशी घागर घेऊन खाली मान घालून उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून. छप्पन साली दीक्षा घेऊन आली आणि तिनं ते उभं राहणं सोडलं. सोळा वर्षं दोन मैलांवरच्या नाल्यावरून पाणी वाहिलं. हापशी बसली त्या दिवशी म्हणाली होती, "आता कोणाच्या तोंडाकडं पाहणं नाही."

तपासणीचा निकाल यायला आठ दिवस लागले. माझा निबंध खोटा ठरला तरी चालेल, पण हापशी निर्दोष निघू दे, असं सारखं वाटत होतं.

ती निर्दोष नव्हती. हापशीच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या सहापट होतं. खोल खडकातलं पाणी ते. पाटलांची विहीर उथळ, तिचं पाणी चांगलं होतं.

निबंध मी त्याच दिवशी मागे घेतला. ते सोपं होतं. वस्तीत जाऊन सांगणं सोपं नव्हतं.

"हापशीचं पाणी पिऊ नका, त्यानंच माना ताठल्या. दुसरी सोय होईस्तोवर विहिरीचं प्या," मी म्हणाले.

अंजनाबाई म्हणाली, "त्या विहिरीवर जा, हे तू सांगून राहिली आम्हाले?"

"कायदा आहे, मावशी."

"कायदा तवाही होता."

आईनं एवढंच विचारलं, "लेकरांचंही असंच होईन?"

"होईल."

ती उठली आणि घागर घेतली. मी दोर-बादली घेतली. मागून एकेक करत अकरा बायका निघाल्या.

चंपतराव विहिरीजवळच उभे होते. सोबत दोन गडी. एकाच्या हातात काठी.

"अठ्ठावीस वर्षांनी आली रुखमा," ते म्हणाले. "हापशी आटली काय? अवं, खाली मान घालून मागितलं असतं तर कोण नाही म्हटलं असतं?"

काठीवाला गडी जागचा हलला. मी आईचा दंड धरला. आई सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहत होती.

"मान खाली जात नाही, पाटील," ती म्हणाली. "लेकीनं फोटू काढून पाहिला."

गडी चंपतरावांच्या तोंडाकडे पाहत राहिला. मी पुढे झाले आणि बादली विहिरीत सोडली. मागे बायका हसत होत्या. मला हसता आलं नाही. ती मान आता कधीच वाकणार नव्हती. तिच्यावर औषध नाही, हे तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं.