चिकटलेली दोन पानं

मित्रांनो, मी बायबलातल्या स्तोत्रांचं एक जुनं पुस्तक आहे. हिंगणघाटला रूपरावांच्या घरी, घड्याळाखालच्या फळीवर माझा मुक्काम. लोक मला वाचतात आणि मी लोकांना. परीक्षा, दवाखाना, मुलीचं स्थळ. काही अडलं की माझी धूळ झटकतात. काम झालं की माझ्यावर चष्मा आणि लाइटबिल! चालायचंच.

वीस वर्षांपूर्वी माझी शिवण उसवली. रूपरावांनी ती स्वतः शिवली, फाटक्या कडा भाताच्या खळीनं चिकटवल्या. हौस मोठी, खळ त्याहून मोठी! बाविसाव्या स्तोत्राची दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटून बसली. तेव्हापासून या घरात ते स्तोत्र देवाला 'मला का सोडलंस' असं विचारून सुरू होई, आणि छळलेल्या माणसाच्या भोसकलेल्या हातांपाशी थांबे. तिथंच आमेन.

यंदा कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात रूपरावांचा उजवा हात गेला. जखम भरली, पण माणूस ताटावर बसेना. डाव्या हातानं चारचौघांत जेवायची लाज. गडी वाळत चालला. त्यांची बायको आनंदाबाई रोज ताट वाढत आणि तसंच उचलत.

एका रविवारी जेवणाआधी लेक काजल बाविसावं वाचू लागली. हातांपाशी येऊन थांबली.

"पुढं वाच ना," रूपराव म्हणाले. "त्याचं मंग काय झालं?"

"पानं चिकटले हायेत, बाबा."

"कोनं चिकटवले?"

"तुमीच! दुसरं कोन?" आनंदाबाई म्हणाल्या. "पातेलंभर खळ लावली होती!"

काजलनं मला चहाच्या वाफेवर धरलं. गुदमरलो, पण सुटलो. आतली अक्षरं अजून नवी कोरी होती. काजल पुढं वाचू लागली: देवानं त्या दुःखिताकडे पाठ फिरवली नाही, त्याची हाक ऐकली. दीन लोक जेवून तृप्त होतील. हा छळलेला माणूस म्हणजेच लोक ज्याची वाट पाहत होते तो अभिषिक्त राजा, असं रूपरावांनी चर्चमध्ये शंभरदा ऐकलं होतं. पण घायाळ हातांचा राजा पंगतीला बोलावतो, हे आज कानी पडलं.

"दीन लोक जेवतीन म्हंते?"

"हो, बाबा."

"मंग वाढ मले. अन् डाव्या हाताकडे काय पाहून राह्यले? वरण वाढा!"

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना जपा, खळ बेतानं लावा. आणि दुःखाच्या पानावर आमेन म्हणून उठू नका. पुढचं पान चिकटलेलं असेल, वाफ दाखवा. माझ्या त्या पानावर आता डाव्या अंगठ्याचा वरणाचा डाग आहे. तो मात्र पुसू नका.