मंगळवारी अकरा वाजता

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. शिपाईसुद्धा आधी माझं कपाळ बघतो आणि मग चहा ठेवायचा की परत न्यायचा ते ठरवतो. पण एकदा मी सगळ्यात जास्त चिडले ती स्वतःवरच. कशी, ते सांगते.

मी बालकल्याण खात्यात काम करते. मुलांची आबाळ होत असेल अशी शंका आली की त्या घरी जायचं, बघायचं, लागेल ती मदत जोडून द्यायची आणि शेवटी शिफारस लिहायची, मुलं घरीच राहू देत की दुसरीकडे ठेवावीत. लोकांना त्यातलं शेवटचंच तेवढं माहीत असतं. त्यामुळे मी दार वाजवलं की माणसं अशी बघतात, जणू मी पोरं पिशवीत घालून न्यायलाच आलेय. एकवीस वर्षं झाली, त्या नजरेची सवय काही होत नाही.

ते घर एका घड्याळजीचं होतं. वय अडुसष्ट. हात थरथरायला लागले म्हणून तीन वर्षांपूर्वी दुकान बंद केलेलं. बाळंतपणानंतर त्यांची मुलगी मनाच्या आजाराने पार खचली आणि दवाखान्यात दाखल झाली. बरी होईल, पण सहा महिने तरी धरा, असं डॉक्टर म्हणत होते. जावयाने केव्हाच काखा वर केल्या होत्या. तेव्हा सात वर्षांची नात आणि दहा महिन्यांचा नातू आजोबांच्या पदरात पडले. नातीला सगळे खारूताई म्हणायचे, कारण दिसेल ती वस्तू तिच्या खिशात जायची. बटणं, पेन्सिलीचे तुकडे, बाटलीची झाकणं, काय वाटेल ते. बाळाचं नाव गट्टू, आणि ते त्याला शोभायचंही.

आमच्याकडे भेट आधी कळवून घ्यायची पद्धत आहे. खारूताईची शाळा दुपारची, म्हणून दर मंगळवारी अकरा वाजता असं ठरलं. पहिल्या दिवशी मी आत शिरले, ते थरथरणारे हात पाहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आजोबा, हे सगळं तुम्ही एकट्याने करू शकाल ना?"

ते ताठ बसले. "एकट्याने करतो. मला कोणाची मदत लागत नाही."

मी ते वहीत उतरवून घेतलं. झालं, तिथेच माशी शिंकली.

घर दोन खोल्यांचं, पण नाव ठेवायला जागा नाही. फरशी लख्ख, दुधाच्या बाटल्या उकळून ओळीने पालथ्या घातलेल्या, भिंतीवर नऊ घड्याळं आणि नऊही एकाच सेकंदाला चालणारी. खारूताईच्या दोन वेण्या इतक्या घट्ट आणि सारख्या, की माझ्या लेकीच्या मला जन्मात तशा जमल्या नाहीत. आणि आजोबांना माझ्यासमोर बाळाच्या झबल्याचं एक बटण लावता आलं नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, वेण्या कोण घालतं. आजोबा म्हणाले, मी. मग खारूताईला बाजूला घेऊन विचारलं. तिने आधी आजोबांकडे पाहिलं आणि म्हणाली, माझी मीच. मला वाटलं, सापडलं. ही एवढीशी पोर बाटल्या उकळतेय, धुणं धुतेय, भावाला सांभाळतेय आणि म्हातारा ताकास तूर लागू देत नाहीये. सातव्या वर्षी आई झालेल्या अशा मुली मी पाहिल्यात. त्यातल्या एकीच्या घरी मी उशिरा पोचले होते. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून या वेळी मला उशीर करायचा नव्हता.

आमचा एक कागद असतो. मधोमध वर्तुळ, त्यात मुलांची नावं. भोवती लिहायचं, हाताशी कोण कोण आहे. शेजारी, नातेवाईक, शिक्षक, कोणीही. सहा आठवडे त्या कागदावर एकच शब्द होता, आजोबा. मी किती वेळा म्हटलं, अहो, आठवा तरी. ते म्हणायचे, कोणी नाही.

सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी साहेबांपुढे निर्णयाची बैठक होती. दोन्ही मुलांना एकत्र घेईल असं सांभाळणारं घर मी शोध शोध शोधलं. एक घर मुलगी घ्यायला तयार होतं, दुसरं बाळ घ्यायला, आणि दोन्ही शहराच्या दोन टोकांना. सोमवारी दुपारी मी मुलांना त्या दोन घरांत ठेवायची शिफारस लिहिली. त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला.

मंगळवारी जाऊन मी आजोबांना स्पष्ट सांगितलं. ते आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं भिंतीवरचं एक घड्याळ हातात घेतलं आणि किल्ली देत बसले. मग म्हणाले, "दोघांना एका घरात तरी ठेवा." माझे डोळे भरून आले. चष्मा काढून टेबलावर ठेवला, डोळे पुसले. दाराआडून खारूताई पाण्याचा पेला घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं. मला तिथे थांबवेना. पाणी पिऊन मी निघाले.

बसथांब्यावर गेल्यावर कळलं, समोरच्या बसचा नंबर वाचता येत नाहीये. चष्मा वरच राहिला होता. स्वतःला चार शिव्या घातल्या आणि परत जिने चढले.

दार अर्धवट उघडं होतं. आधी वाटलं, घर चुकले, कारण आत माणसंच माणसं. समोरच्या घरातली नर्स गट्टूला खांद्यावर थोपटत होती. वरच्या मजल्यावरचा बसड्रायव्हर खारूताईचं दप्तर भरत होता, त्याची कामाची वेळ तिला शाळेत सोडून मगच सुरू व्हायची. आणि खालच्या सलूनमधला न्हावी, पोट सुटलेला, भरघोस मिशांचा, तोंडात फणी धरून खारूताईची विस्कटलेली वेणी नव्याने घालत होता. ती हुंदके देत होती आणि तो तिची समजूत काढत होता.

मला बघून सगळे जागच्या जागी थिजले. आजोबा उठून उभे राहिले आणि त्यांनी हात पाठीमागे लपवले. "यांचा दोष नाही," ते म्हणाले. "मंगळवारी कोणी फिरकू नका, असं मीच बजावलं होतं."

मी विचारलं, का पण?

"तुम्हीच विचारलंत, एकट्याने करू शकाल का. म्हटलं, नाही म्हणालो तर पोरं जातील."

मी मटकन स्टुलावर बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी सहा आठवडे घालत होते. मग मात्र माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. आजोबांना खोटं बोलल्याबद्दल झापलं, न्हाव्याला त्यांना साथ दिल्याबद्दल झापलं आणि नर्सला म्हटलं, तुम्ही तरी शिकलेल्या ना. ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्ही सहा वेळा माझ्या दारावरून गेलात. एकदा तरी वाजवलंत?"

तिच्या दारातल्या दोरीवर गट्टूची झबली वाळत होती, ती मी सहा वेळा पाहिली होती.

चष्मा काही सापडला नाही. टेबलाखाली, गादीखाली, सगळीकडे पाहिलं. शेवटी जुना काढून काम भागवायचं ठरवलं. तो कागद मी आजोबांपुढे ठेवला, तर ते पेन्सिल धरेनात. आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, मोडेन पण वाकणार नाही. मी त्यांना सांगितलं, हे मी लिहून उपयोग नाही. साहेब शुक्रवारी तुम्हालाच विचारतील. तुम्ही तिथे पुन्हा एकट्याने करतो म्हणालात, तर माझ्या हातात काही उरणार नाही.

बुधवारी मी सोमवारची शिफारस फाडली आणि नवी लिहिली. पण धाकधूक होतीच.

शुक्रवारी बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. न्हावी आणि ड्रायव्हर भिंतीला टेकून उभे, नर्सच्या मांडीवर गट्टू झोपलेला, खारूताई आजोबांचा सदरा धरून. साहेबांनी कागद चाळले आणि नेमकं तेच विचारलं, एकट्याने झेपेल का. आजोबांनी एकदा खारूताईकडे पाहिलं. मी टेबलाखाली मुठी आवळून बसले होते.

"नाही," ते म्हणाले. मग थरथरणारे दोन्ही हात त्यांनी टेबलावर सगळ्यांना दिसतील असे ठेवले. "एकट्याने जमत नाही मला. बाळाचं बटणसुद्धा लागत नाही. म्हणून या माणसांना हाक मारतो."

साहेबांनी एकेकाला विचारलं, कधी येता, काय करता, किती दिवस करणार. न्हाव्याला विचारलं, वेण्या कुठे शिकलात. चार धाकट्या बहिणी, तो म्हणाला, आणि साहेबसुद्धा हसले. मुलं आजोबांकडेच राहतील असं ठरलं. सकाळी दोन तास खात्याची मदतनीस येईल, नर्स बाळाच्या वजनाची नोंद ठेवेल आणि माझ्या भेटी आई घरी येईपर्यंत चालू राहतील. आजोबांनी तिथेच पेन्सिल मागितली आणि वेड्यावाकड्या अक्षरात वर्तुळाभोवती तीन नावं लिहिली. मग थोडं थांबून चौथं माझं लिहिलं. आम्ही स्वतःचं नाव तिथे कधी घालत नाही. मी ते खोडलं नाही.

बाहेर जिन्यात ते मला म्हणाले, आता याल तेव्हा कळवून येऊ नका.

तेवढ्यात खारूताईने माझा पदर ओढला. खिशात हात घालून तिने आधी दोन बटणं काढली, मग एक झाकण, आणि मग माझा चष्मा. तिच्या रुमालात नीट गुंडाळलेला, एक ओरखडा नाही.

मी विचारलं, अगं, का घेतलास?

"तुम्हाला दिसलं नाही तर लिहिता येणार नाही ना," ती म्हणाली. "आता लिहा."

मला रागवायला हवं होतं. मी तिथेच पायरीवर बसले, जुना चष्मा काढला आणि रडले. मग तिने स्वतःच तो चष्मा माझ्या नाकावर चढवला.