खुबा कोणी ढिला केला?

मित्रांनो, मी एक जुना खुबा आहे, माणसाने घडवलेला. मांडीच्या हाडात धातूचा दांडा, त्याच्या टोकाला गुळगुळीत गोळा आणि गोळा फिरायला कमरेच्या हाडात प्लॅस्टिकची वाटी, एवढाच माझा संसार. १९९९ साली नागपूरला मला सुखवंताबाईच्या अंगात बसवले.

चोरखमारा तलावाजवळच्या आपल्या गावी ती माझ्या बळावर पुन्हा चालू लागली. बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात, उतरायला मनाई होती, म्हणून कडेच्या धुऱ्यावर उभी राहून ती धान रोवणाऱ्या बायांवर ओरडायची. लोक माझे कौतुक करत आणि मी फुगून जात असे. डॉक्टरांनी दरवर्षी माझा एक्स-रे फोटो काढायला बोलावले होते. दोन वर्षे ती गेली. मग म्हणाली, "दुखूनच नाही राहिलं, तं फोटो कायले?"

२०१० च्या दिवाळीत सून योगेश्वरीने आंगण सारवले होते. ओल्यावर सुखवंताबाईचा पाय सरकला. खांब धरल्याने ती पडली नाही, पण चार दिवसांनी जांघेत कळ उठली. मी हाडात डुगडुगू लागलो होतो.

नवरा डोमनलाल म्हणाला, "डॉक्टरनं जुनाच माल बसवला."

"डॉक्टर नाही, हिनंच केलं. मुद्दाम ओलं ठेवलं," सुखवंताबाई म्हणाली. त्या दिवसापासून ती सुनेच्या हातचे पाणी पिईना. लंगडत स्वतः माठापाशी जायची. योगेश्वरी चुलीकडे तोंड करून रडायची. खोटे कशाला बोलू, मीसुद्धा सुनेवरच डोळा ठेवून होतो. कधी हाडाचा संशय यायचा, कधी मला चिकटवणाऱ्या सिमेंटचा. स्वतःचा मात्र एकदाही आला नाही.

शेवटी योगेश्वरीच तिला नागपूरला घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्त तपासले, फोटो उजेडाला धरला. माझ्याभोवतीचे हाड जागोजागी पोखरलेले होते.

"जंतू नाहीत. आणि पाय सरकल्यानं एवढं हाड जात नाही, बाई. हे कित्येक वर्षांचं काम आहे. चालताना वाटी झिजली, तिची भुकटी हाडाशी साचली. शरीरातल्या पेशींनी ती गिळली, पण पचेना. त्या खवळल्या आणि त्यांनी हाड खाणाऱ्या पेशींना जागं केलं. दुखायला फार उशिरा लागतं. दरवर्षी आला असतात तर आधीच दिसलं असतं."

मित्रांनो, चोर मीच होतो. ज्या हाडाने मला अकरा वर्षे धरून ठेवले, त्याच्या नाशाला माझीच धूळ कारण झाली. मला फार लाज वाटली.

सुखवंताबाईने फोटो हातात घेतला. मग फोटोकडे बघतच म्हणाली, "योगेश्वरी, तहान लागली वो. पाणी दे."

सुनेने बाटली पुढे केली. सुखवंताबाई घटाघटा प्यायली.

पुढे मला काढून नवा खुबा बसवला. आता मी डब्यात असतो. खुबा बदललेले कोणी घरी आले की सुखवंताबाई माझी झिजलेली वाटी त्याच्या हातावर ठेवते आणि विचारते, "फोटो कधी काढला होता?" माझेही तेवढेच मागणे आहे. माझा भाऊबंद तुमच्या आजीच्या अंगात असेल, तर दुखत नसले तरी दरवर्षी त्याच्यावर संशय घ्या. घरातल्या माणसावर घेऊ नका.