चिमट्याने दिले

आमच्या मत्स्यालयात आत्याबाईंइतकी बदनामी कुणाचीच झाली नसेल. आत्याबाई म्हणजे मोरे ईल. दिसायला थेट अजगर, पण जात माशाची. पुरुषभर लांब, तपकिरी अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके, खवला औषधालाही नाही, नुसती जाड बुळबुळीत कातडी. उबदार समुद्रातल्या खडकांच्या कपारीत राहणारी ही जात. आमच्याकडेही दिवसभर दगडाच्या बिळातून डोकं तेवढं बाहेर. तोंड सारखं उघडमीट. लोक म्हणत, चिडली बघा. चिडते कसली, बिचारी श्वास घेते. तोंड हलवलं नाही तर कल्ल्यांना पाणी कुठून मिळणार? पण नाव एकदा वाईट झालं की झालं.

तिचं खाणंपिणं बारा वर्षं माझ्याकडे. आली तेव्हा तीन आठवडे तिने अन्नाला तोंड लावलं नाही. नियम असा, की मासळीचा तुकडा लांब चिमट्यात धरून द्यायचा. चिमटा पाण्यात गेला की ही बिळात. शेवटी मी तुकडा बोटांत धरून हात पाण्यात घातला. हिची नजर अधू, सगळा कारभार वासावर. हुंगत हुंगत आली आणि अलगद घेऊन गेली. मला आकाश ठेंगणं झालं. पुढे ती चिमट्यालाही सरावली असती, पण मला तो तोरा सोडवेना. दारं उघडायच्या आधी, कुणी नसताना, मी तिला हातानेच भरवत राहिलो आणि रजिस्टरात रोज लिहीत राहिलो, ‘चिमट्याने दिले’.

गेल्या सोमवारी माझी धाकटी बहीण तिच्या टाकीत उतरली. पाण्यात बुडी मारून टाक्या आतून घासणं हे तिचं काम. नोकरी मीच लावून दिलेली. बिळाजवळ काचेवर शेवाळाचा एक चिवट डाग होता. ब्रशने निघेना म्हणून तिने हातमोजा काढून नखाने खरवडायला घेतलं. पाण्यात माणसाचा उघडा हात आला म्हणजे जेवण आलं, एवढंच आत्याबाईंना ठाऊक. दात आतल्या बाजूला वळलेले, घशात जबड्यांची आणखी एक जोडी; एकदा धरलं की सुटणं अवघड. बहिणीच्या उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं गेली.

साहेबांनी रजिस्टर मागवलं. बारा वर्षं चिमटा. म्हणजे जनावरच बिघडलं, असा निकाल लागला. शुक्रवारी डॉक्टर येऊन सुई देऊन तिला मारणार, हेही ठरलं. मी शेजारी मूग गिळून उभा. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराने निकालाच्या कागदाखाली सहीही केली. घरी जेवायला बसलो की मला स्वतःच्या दहा बोटांची लाज वाटायची.

गुरुवारी दुपारी बहिणीकडे गेलो. उजव्या हाताला पट्टी, आणि डाव्या हाताने ती कसेबसे बटाटे सोलत होती.

“तिचा काही दोष नाही,” मी म्हणालो. “मी तिला हाताने भरवायचो. बारा वर्षं.”

“माहीत आहे. समोरची टाकी घासताना मला दिसायचं. म्हणून तर मोजा काढला. म्हटलं, दादाला काही करत नाही, मला काय करणार?”

मला तिच्याकडे बघवेना.

“मग साहेबांना बोलली का नाहीस?”

“ते दवाखान्यात विचारायला आले, तेव्हा तू माझ्या उशाशी बसला होतास. म्हटलं, तू सांगशील. तेव्हापासून वाटच बघतेय.”

मी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टरांना नको म्हणून कळवतो, पण उद्यापासून तू त्या टाकीकडे फिरकायचं नाहीस.

“वाचली?” बहिणीने विचारलं.

“वाचली.” मला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते तोंडावर दिसलं असणार.

तिने सुरी खाली ठेवली.

“माझं बोट सोमवारीच गेलं होतं, दादा. ते काही परत येणार नव्हतं. मग हे तीन दिवस तू कुणाला वाचवत होतास?”