वाढत्या अंगाचा फ्रॉक

मित्रांनो, मी भोपाळचे एक जुने शिलाई मशीन आहे. तेल संपले की कुरकुरते, तेवढा अवगुण सोडा. टाके आजही सरळ घालते.

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या महिला मंडळात मी पोलकी, परकर शिवत होते. मंडळाने नवे मशीन घेतले आणि मला तुरुंगातल्या बायकांच्या बराकीत देऊन टाकले. मला फार वाईट वाटले. तिथे वेळेची रीतच निराळी. दिवस सरता सरत नसे आणि वर्षे मात्र कधी गेली ते कळत नसे. तारीख म्हणजे फक्त कोर्टाची तारीख. दुपार घालवायला बायका शिवलेले उसवत आणि तेच पुन्हा शिवत.

मला चालवायची सिंधू. टाउनशिपमध्ये सून म्हणून आलेली ही बाई नवऱ्याच्या मृत्यूच्या खटल्यात नाहक अडकली होती. लेक प्रतिभा अवधपुरीला सरोजमावशीकडे वाढत होती. पोरीने तुरुंग पाहू नये म्हणून सिंधूने तिला कधी भेटीला आणू दिले नाही. सुटकेचा निकाल लागला तेव्हा तिला एकच घोर लागला, लेक आपल्याला जवळ करील ना? तिने फ्रॉक शिवायला घेतला. दुसऱ्यांच्या मुलांचे कपडे ती नेहमी वाढत्या अंगाचे शिवी. लेकीचा मात्र बेतला तो आपण घर सोडले तेव्हाच्या मापाचा.

शेजारी बसलेली कोटऱ्याची शारदा हळूच म्हणाली, "दीदी, टाइम तो हमारा रुका है. बच्ची का थोड़े ही रुका."

सिंधूचा पाय थांबला. ती पोटभर रडली, मग सारी शिवण उसवली. कापड पुरेना, तेव्हा शारदाने जपून ठेवलेली आपली कोरी ओढणी दिली. तिची खाली रुंद झालर लागली.

सुटकेच्या दिवशी मंडळाने पोटापाण्याची सोय म्हणून मला सिंधूच्याच स्वाधीन केले. टेंपोतून आम्ही अवधपुरीला उतरलो. मावशीच्या पाठीआडून एक उंच मुलगी बघत होती. सिंधूने फ्रॉक पुढे केला. मुलगी तो घेऊन आत गेली. आमचा दोघांचा जीव टांगणीला लागला.

ती फ्रॉक घालूनच बाहेर आली. खांद्यांवर सैल, पार घोट्यापर्यंत लांब. सिंधू ओशाळली. प्रतिभाने झालर उचलून पाहिली आणि म्हणाली, "असू दे आई. पुढच्या वर्षी बरोबर बसेल."

पुढच्या वर्षी! इतक्या वर्षांत बराकीत कोणाच्या तोंडून मी हे ऐकले नव्हते. सिंधूने उंबऱ्यातच लेकीला पोटाशी धरले. मला हायसे वाटले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या मशीनला तेल घालत जा. आणि फार दिवसांनी कोणी घरी परतले, तर मागचे विचारत बसू नका. पुढच्या वर्षीचे काहीतरी बोला.