फ्रीमँटलची म्युरिएल

ऑस्ट्रेलियाने आपल्या जुन्या जनगणनेचे कागद माणसांच्या नावांसकट नष्ट केले, हे कळल्यावर म्युरिएलने लिव्हरपूलजवळच्या बूटलच्या ग्रंथालयात असा काही आवाज लावला की वर्तमानपत्रावर डुलक्या घेणारे म्हातारे दचकून जागे झाले.

"मोजायचं आणि फाडून टाकायचं? मग मोजलं कशाला मेल्यांनी?"

"हळू बोल, राणी," विनी म्हणाली. विनी तिची शाळेपासूनची मैत्रीण. "मतदारयाद्या आहेत ना. तिकडे नाव घातलं नाही तर दंड होतो. भलेभले सापडतात त्यात."

दर मंगळवारी दोघी पूर्वज शोधायला बसत. विनीला स्वतःच्या पूर्वजांपेक्षा दुसऱ्यांच्या पूर्वजांत जास्त रस. म्युरिएलला हवे होते तिच्या वडिलांचे सायलसकाका, तरुणपणी ऑस्ट्रेलियाला गेले ते गेलेच. संगणकाच्या पडद्यावर पानांमागून पानं सरकली, पण सायलस हॅरोप काही मिळाले नाहीत. तिकडच्या फ्रीमँटल बंदराच्या मतदारयादीत भलतंच निघालं: क्लेमंट हॅरोप, खलाशी. त्याच पत्त्यावर आयव्ही हॅरोप, गृहिणी.

क्लेमंट हॅरोप म्हणजे म्युरिएलचे वडील. लिव्हरपूलहून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या मालवाहू बोटीवर होते. वर्षातून जेमतेम दोन महिने घरी.

"एका नावाची दोन माणसं असतात," म्युरिएल म्हणाली.

"असतात की," विनी म्हणाली आणि तिने खुर्ची आणखी जवळ ओढली.

तेव्हा एकविसावं वर्ष सरलं की मुलंही यादीत येत. चोपन्न सालच्या यादीत त्या घरात तिसरं नाव आलं: म्युरिएल हॅरोप, शिवणकाम.

विनीच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. "काय डोकं गं तुझ्या बापाचं! दोन्हीकडे एकच नाव. हाक मारताना जीभ घसरायची भीतीच नाही!"

म्युरिएलला हसू आलं नाही. दुसरा संसार तिने एक वेळ पचवला असता. आई गेली, वडील गेले, आता भांडायचं कुणाशी? पण नाव? बोट लागली की वडील गल्लीच्या तोंडापासून "म्युरिएल!" म्हणून ओरडत यायचे आणि अख्ख्या गल्लीत आपल्याइतकं श्रीमंत कुणी नाही असं तिला वाटायचं. ते नाव आधी कुणाचं होतं? तिचा जन्म मार्च एकतीसचा. ती दुसरी आधी जन्मली असेल तर आपण नुसती नक्कल. ऐंशीव्या वर्षी तिला ते भयंकर लागलं.

पण तिकडे जन्माच्या नोंदी शंभर वर्षं होईपर्यंत परक्यांना दाखवत नाहीत.

"तोवर आपणच पूर्वज होऊ," विनी म्हणाली. "सरळ फोन लाव."

ती दुसरी लग्न न करता त्याच घरात राहिली होती, त्यामुळे नंबर सहज मिळाला. शनिवारी सकाळी विनी न बोलावता हजर झाली आणि तिने फोनचा स्पीकर चालू केला.

"मी म्युरिएल. माहेरची हॅरोप, लिव्हरपूलची. माझे वडील क्लेमंट, बोटीवर होते."

"थट्टा करताय का, बाई?"

"थट्टेचं वय राहिलंय का माझं? त्यांच्या डाव्या करंगळीला टोक नव्हतं."

पलीकडून बारीक आवाजात, "शार्कने खाल्लं होतं."

"आम्हालाही शार्कच सांगितला होता."

दोघी एकदमच हसल्या, आणि हसण्याची एकदमच लाज वाटून थांबल्या.

"ते गेले कुठे हो?" फ्रीमँटलच्या म्युरिएलने विचारलं. "बोट आली, ते आले नाहीत. त्यांनी नोकरी सोडली, एवढंच कळलं. आई मरेपर्यंत धक्क्यावर जायची. यादीतून त्यांचं नाव काढू देईना. आमच्याकडे कबरसुद्धा नाही."

म्युरिएल फोनजवळ वाकली. "इथे आहेत, बूटलमध्ये. झोपेत गेले, काही त्रास झाला नाही. दर ईस्टरला मी फुलं ठेवते."

"बरं झालं, बाई. कुणीतरी ठेवतंय." ती नाक ओढत थांबली. "एक विचारू? वेडेपणा वाटेल. मी मे एकतीसची. तुम्ही माझ्या आधीच्या का?"

विनीने दोन्ही मुठी हवेत उडवल्या. म्युरिएल जिंकली होती. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"छे गं," ती म्हणाली. "मी ऑगस्टची. तूच थोरली."

पलीकडे ऐंशीची बाई लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडू लागली. इकडे विनी, जी सत्तर वर्षं न चुकता मार्चमध्ये म्युरिएलच्या वाढदिवसाचा केक खात आली होती, तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिली.