पार्वतम्माचं सोलाणं

लातूर जिल्हा होऊन दुसरं वर्ष लागलं होतं आणि पावसानं परत पाठ फिरवली होती. नवं ऑफिस, नव्या पाट्या, नवे साहेब, सगळं आलं. नळाला तेवढं पाणी आलं नाही. रेवणसिद्धला त्या नव्या ऑफिसात शिपायाची जागा मिळाली म्हणून अहमदपूरचं बिऱ्हाड लातुरात हललं, आणि महिन्याच्या आत त्याच्या आईच्या, पार्वतम्माच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं.

आता आजारी माणसानं गप पडावं, सुनेनं भरवलं की खावं. पण पार्वतम्मा कसली ऐकते! हातून काही कायक, म्हणजे कष्टाचं काम, झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा तिनं लहानपणी मठातल्या स्वामींपुढं केलेला नेम. साठ वर्षं पाळलेला. तापानं फणफणली तरी चार शेंगा फोडून मगच ताटावर बसायची. आता दळणकांडण संपलं, झाडलोट संपली. धान्य निवडावं तर डोळ्यांत मोतीबिंदू. विळीला दोन हात लागतात. दोन दिवस झाले, बाई नुसत्या पाण्यावर होती. मुलानं पाय धरले, डॉक्टर रागावून गेले. तिनं तोंड उघडलं नाही.

सून महादेवीच्याही घशाखाली भाकर उतरत नव्हती, पण तिच्या ताटाकडं बघतं कोण? म्हातारी अशीच गेली तर लोक काय म्हणतील, हे भ्याव वेगळंच. त्याहून मोठं भ्याव, की तिच्यावाचून आपल्याला घरात आहे कोण. बिनआईच्या महादेवीला स्वयंपाक, सणवार, सगळं पार्वतम्मानंच शिकवलेलं.

डावा हात तर शाबूत आहे ना, मग बटाट्याची साल काढायचं सोलाणं आणू, असं तिच्या डोक्यात आलं. गंजगोलाईत सिद्रामप्पाच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन तिनं लाकडी मुठीचं सोलाणं उचललं, तिथंच एका बटाट्यावर चालवून बघितलं. साल कागदासारखी निघाली. खुशीत घरी आली, तर म्हातारीच्या डाव्या हातात ते चालेचना. धार एकाच बाजूला, तीही उजव्या हाताची! दुकानात आपण उजव्या हातानं बघितलं, हे महादेवीला तेव्हा कळलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी परत दुकानात. या खेपेला उजवा हात पदरात गुंडाळून तिनं एकेक सोलाणं डाव्यानं चालवलं. सिद्रामप्पाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. दोन्ही बाजूंनी धार असलेलं एक तिला पसंत पडलं. सिद्रामप्पानं गुलेरीच्या बेचक्यासारखं, वर आडवं पातं असलेलं, जाड मुठीचं आणखी एक वर फुकट दिलं. मूठ बोजड, कुणी घेत नाही म्हणाला.

घरी महादेवीनं बटाटा धरला, म्हातारीनं दुधारी सोलाणं चालवलं. हात थरथरला आणि पातं सुनेच्या अंगठ्यात गेलं. रक्त बघून पार्वतम्मानं सोलाणं भिरकावलं, भिंतीकडं तोंड केलं. आता कुणी काही म्हणू नका म्हणाली. त्या रात्री महादेवी मोरीत बसून तोंडात पदर कोंबून रडली.

चौथ्या दिवशी सकाळी लिंगपूजा. म्हातारीला उठवत नव्हतं, पण पूजा चुकवायची नव्हती. भिंतीला टेकवून बसवलं. तिनं डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेतलं. महादेवीनं तिचा निर्जीव उजवा हात मनगटाला धरून उचलला, बोटं भस्मात बुडवली, लिंगाला लावली. चमचाभर पाणी वाहिलं. आणि तिचं लक्ष डाव्या हाताकडं गेलं. चार दिवसांची उपाशी बाई, पण तळहात तसूभर हलत नव्हता. साठ वर्षं तो हात धरायलाच शिकला होता. चालवायचं काम त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!

पूजा आटोपली तशी महादेवीनं ते जाड मुठीचं सोलाणं म्हातारीच्या डाव्या मुठीत दिलं, मूठ मांडीवर टेकवली, पातं वर. निर्जीव उजव्या हातात बटाटा ठेवून वरून आपला हात घट्ट धरला आणि बटाटा पात्यावरून ओढला. साल निघाली. परत ओढला, परत निघाली. मूठ हलली नाही.

तीन बटाटे झाले. पार्वतम्माला दम लागला होता.

"ह्यात माझं काय हाय? तूच करायलीस सगळं."

"मगाशी पूजेला बी मीच हात धरला न्हवं, आत्याबाई? मग ती पूजा माझी झाली का?"

म्हातारीनं सोलाणं खाली ठेवलं, मांडीवरच्या साली चाचपल्या. मग पार्वतम्मानं ताट मागितलं. डाव्या हातानं भाकर ताटाच्या काठावर दाबून मोडली आणि अर्धी सुनेकडं सरकवली.

"निम्मं काम तुझं. मी निम्मीच खाणार."

"तुमी खावा की. माझं झालंय."

"कवा झालं? डोळ्यात मोतीबिंदू हाय, कानात न्हाई. चार दिस तुझं ताट वाजलं न्हाई."

महादेवी ताटाशी बसली. रडत रडतच घास तोंडात घेतला. पार्वतम्मानं आपली अर्धी भाकर चावून चावून संपवली आणि सोलाणं पुसून उशाशी ठेवायला सांगितलं. उद्या लागणार होतं.